पॅक्लिटॅक्सेल आणि पेशीतल्या सूक्ष्मनलिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यू नावाच्या झाडाच्या सालीत सापडलेलं पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगाचं औषध पेशीत शिरल्यावर नेमकं काय करतं, याबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बरेचसे रुग्णांच्या घरच्यांचे आहेत, काही जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी कळेल. जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. डोस किती, सलाईन कधी, थांबायचं की पुढे जायचं, हे मात्र रुग्णाचे रिपोर्ट समोर असलेल्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

१. सूक्ष्मनलिका म्हणजे काय? त्या प्रत्येक पेशीत असतात का?

परिपक्व तांबड्या पेशींसारखे अपवाद सोडले तर माणसाच्या जवळपास प्रत्येक पेशीत असतात. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाची एक अल्फा आणि एक बीटा अशी जोडी असते. या जोड्या एकापुढे एक लागून धागा होतो, आणि साधारण १३ धागे शेजारी शेजारी जुळून पोकळ नळी तयार होते. तिचा बाहेरचा व्यास सुमारे २५ नॅनोमीटर. एका जोडीची लांबी सुमारे ८ नॅनोमीटर, त्यामुळे काही मायक्रोमीटरच्या एका नळीतही हजारो जोड्या लागतात.

पेशीचा आकार राखणं आणि आतला माल इकडून तिकडे नेण्यासाठी वाट देणं ही तिची रोजची कामं. पेशी विभागायची वेळ आली की जुन्या नळ्यांची मांडणी मोडते आणि त्याच ट्युब्युलिनमधून तर्कू उभा राहतो. गुणसूत्रांची दोन पेशींत समान वाटणी करायचं काम या तर्कूचं.

२. या नळ्या सतत वाढतात आणि मोडतात असं वाचलं. कशासाठी?

ट्युब्युलिनची प्रत्येक जोडी नळीला येऊन चिकटते तेव्हा तिच्याबरोबर जीटीपी नावाचा ऊर्जा देणारा रेणू असतो. नळीत बसल्यावर थोड्याच वेळात त्याचा जीडीपी होतो, आणि जीडीपीवाल्या जोडीची ओढ वाकण्याकडे असते. टोकाला जीटीपीवाल्या ताज्या जोड्यांचा थर आहे तोवर नळी सरळ राहते आणि वाढते. हा थर संपला की टोकाचे धागे बाहेरच्या बाजूला वळतात आणि नळी झपाट्याने मोडत जाते. मध्येच पुन्हा सावरून वाढूही लागते. टिम मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी १९८४ मध्ये हे वर्तन दाखवून दिलं. त्याला गतिमान अस्थिरता म्हणतात.

वरवर पाहता ही ऊर्जेची उधळपट्टी वाटेल. पण गुणसूत्र नेमकं कुठे आहे हे नळीला आधी ठाऊक नसतं. ती एका दिशेला वाढते, काही हाताला लागलं नाही तर मोडते आणि दुसऱ्या दिशेला वाढते. असा शोध घेत घेतच ती गुणसूत्राला पकडते. विभाजनाच्या काळात तर्कूतल्या बऱ्याच नळ्यांचं आयुष्य मिनिटाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतं. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत: नळी असणं पुरेसं नाही, ती बदलत राहिली पाहिजे.

३. पॅक्लिटॅक्सेल, टॅक्सॉल, डोसेटॅक्सेल ही एकाच औषधाची नावं आहेत का?

पॅक्लिटॅक्सेल आणि टॅक्सॉल एकच. टॅक्सॉल हे संशोधकांनी सुरुवातीला दिलेलं नाव होतं. पुढे ते एका कंपनीचं व्यापारी नाव झालं आणि औषधाचं सामान्य नाव पॅक्लिटॅक्सेल ठरलं. म्हणूनच जुन्या शोधनिबंधांत टॅक्सॉल दिसतं आणि फाईलमध्ये पॅक्लिटॅक्सेल.

डोसेटॅक्सेल हा त्याच्या कुळातला वेगळा रेणू. तो ट्युब्युलिनवर त्याच जागी बसतो, पण डोस, वेळापत्रक आणि त्रास वेगळे. अंगात पाणी साठणं आणि नखं सैल होणं त्यात जास्त दिसतं. कॅबाझिटॅक्सेल हा तिसरा, २०१० पासून प्रोस्टेटच्या कर्करोगात वापरला जाणारा. तिघांना मिळून टॅक्सेन म्हणतात. नावं कानाला सारखी लागली तरी एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

४. यू झाडाच्या सालीत औषध आहे हे कळलं कसं?

कुणा वैद्याच्या परंपरेतून नव्हे, तर सरसकट चाचणीतून. अमेरिकेत १९६० पासून हजारो वनस्पतींचे अर्क कर्करोगाच्या पेशींवर तपासायचा मोठा कार्यक्रम सुरू झाला होता. १९६२ च्या ऑगस्टमध्ये आर्थर बार्कली या वनस्पतिशास्त्रज्ञाने वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यूची साल गोळा केली. त्या अर्काने पेशी मेल्या. मग नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी त्यातला नेमका रेणू वेगळा केला आणि १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. वाणी यांचा जन्म नंदुरबारचा.

त्यानंतर बरीच वर्षं या रेणूकडे फारसं कुणी वळलं नाही. साल मिळणं अवघड, रेणू पाण्यात विरघळत नाही, आणि तो पेशी मारतो कसा हेही गुलदस्त्यात. १९७९ मध्ये न्यू यॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये सुझन हॉरविट्झ यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की हा रेणू सूक्ष्मनलिका मोडत नाही, उलट त्या जुळवतो आणि टिकवतो. तोवर माहीत असलेली सूक्ष्मनलिकांवरची विषं नेमकं याच्या उलट वागत. औषधाबद्दलची उत्सुकता खऱ्या अर्थाने तिथून जागी झाली. अंडाशयाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळायला १९९२ चा डिसेंबर उजाडला, आणि स्तनाच्या कर्करोगासाठी १९९४.

५. औषध नळीवर नेमकं कुठे बसतं आणि काय करतं?

बीटा ट्युब्युलिनवर, नळीच्या पोकळीकडच्या बाजूला. तिथे एक खोलगट जागा आहे आणि पॅक्लिटॅक्सेल तिच्यात चपखल बसतं. त्यामुळे शेजारच्या धाग्यांमधली पकड घट्ट होते. जीटीपीचा जीडीपी झाल्यावर जोडीला जी वाकायची ओढ लागते, ती दबून राहते. टोकाचा ताजा थर निघून गेला तरी नळी मोडत नाही.

परीक्षानळीत हे फार स्पष्ट दिसतं. साध्या सूक्ष्मनलिका थंड केल्या किंवा त्यांत कॅल्शियम घातलं की सुट्या होतात. पॅक्लिटॅक्सेल असेल तर थंडीत ठेवा नाहीतर कॅल्शियम घाला, त्या जशाच्या तशा. जीटीपी नसतानाही ट्युब्युलिन जुळू लागतं, जे एरवी होत नाही. पेशीत भरपूर औषध घातलं तर नळ्यांचे जाडजूड जुडगे सूक्ष्मदर्शकाखाली सहज ओळखता येतात.

१९९८ मध्ये ट्युब्युलिनची रचना पहिल्यांदा अणूंच्या पातळीवर उलगडली, तेव्हा त्याचे पातळ थर अभंग राहावेत म्हणून पॅक्लिटॅक्सेलच वापरलं होतं. त्यामुळे प्रथिनाबरोबर औषधाची बैठकही त्याच चित्रात दिसली.

६. नळी मजबूत झाली तर पेशीचं भलंच व्हायला हवं. मग ती का मरते?

सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि तो अगदी रास्त आहे. इमारतीची परांची कायमची वेल्डिंग करून टाकली तर परांची भक्कम होईल, पण पुढचा मजला बांधायला ती सोडून वर नेता येणार नाही. पेशीचं तसंच होतं. तर्कू उभारायला जुन्या नळ्यांचं ट्युब्युलिन मोकळं व्हावं लागतं. तर्कू उभा राहिला तरी गुणसूत्र पकडायला, मध्यावर आणायला आणि शेवटी दोन टोकांकडे ओढायला नळ्या लांब-आखूड होत राहाव्या लागतात. ओढणं म्हणजे मुख्यतः नळी आखूड होणंच. औषधाने ती आखूडच होऊ शकत नसेल तर गुणसूत्रावर ताण येत नाही.

हा ताण तपासणारी यंत्रणा पेशीत असते. प्रत्येक गुणसूत्राच्या आवळलेल्या भागात, म्हणजे गुणसूत्रबिंदूपाशी, नळी लागण्याची जागा असते. ती मोकळी असेल तर तिथून ‘थांबा’ असा रासायनिक इशारा जात राहतो. नळी लागली पण दोन्ही बाजूंनी ओढ नसेल तर ती जोडणी चुकीची समजून सोडवली जाते, आणि जागा पुन्हा मोकळी झाल्याने इशारा चालूच राहतो. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं. त्यांपैकी एक जरी नीट जोडलं गेलं नाही तरी विभाजन मध्यावस्थेत खोळंबू शकतं. एरवी जे काम तासाभरात उरकतं, ते पॅक्लिटॅक्सेलमुळे कित्येक तास अडून राहतं.

७. विभाजन अडलं की पेशी लगेच मरते का?

नाही, आणि पाठ्यपुस्तकातलं चित्र इथे जरा जास्तच सुटसुटीत आहे असं माझं मत. अडलेल्या पेशीपुढे काही वाटा असतात. अडलेल्या अवस्थेतच तिचा आत्मघाताचा कार्यक्रम, म्हणजे ॲपॉप्टोसिस, सुरू होऊ शकतो. किंवा ‘थांबा’ हा इशारा हळूहळू क्षीण होतो आणि पेशी विभागल्याशिवायच विभाजनातून बाहेर पडते. अशा पेशीत गुणसूत्रांचा दुप्पट साठा राहतो, आणि बऱ्याचदा एका केंद्रकाऐवजी अनेक लहान लहान केंद्रकं दिसतात. यातल्या काही पेशी नंतर मरतात, काही वाढ थांबवून पडून राहतात, आणि काही पुन्हा विभागायचा प्रयत्न करतात.

शिवाय प्रयोगशाळेत पेशींवर ओतलेलं औषध आणि रुग्णाच्या गाठीत पोचलेलं औषध यांची पातळी सारखी नसते. स्तनाच्या कर्करोगात गाठीतल्या पेशी तपासल्या तेव्हा असं दिसलं की त्या पातळीला विभाजन फार काळ अडत नाही. त्याऐवजी दोनाऐवजी तीन-चार ध्रुवांचे तर्कू तयार होतात, गुणसूत्रांची वाटणी पार चुकते, आणि त्या गोंधळातून निघालेल्या पेशी जगण्याच्या लायकीच्या राहत नाहीत. म्हणजे मृत्यू बहुधा वाटणी चुकल्याने येतो, अडून राहिल्याने येतोच असं नाही. या विषयावर अजून वाद चालू आहेत. ‘पॅक्लिटॅक्सेल विभाजन थांबवतं’ हे परीक्षेत लिहायला हरकत नाही. गाठीत घडतं ते याहून गुंतागुंतीचं आहे.

८. सदाफुलीतलं विन्क्रिस्टिन नळ्या मोडतं आणि पॅक्लिटॅक्सेल त्या टिकवतं. उलट कामं करूनही दोन्ही कर्करोगावर चालतात, ते कसं?

डोस जास्त असेल तेव्हाच ती उलट दिसतात. विन्क्रिस्टिन आणि विनब्लास्टिन ट्युब्युलिनच्या दोन जोड्यांच्या मधल्या सांध्यात, विशेषतः नळीच्या वाढत्या टोकाला बसतात. भरपूर असतील तर नळ्या विरघळून जातात. पॅक्लिटॅक्सेल भरपूर असेल तर नळ्यांचा साठा वाढतो.

पण डोस बराच खाली आणला की एक मजेशीर गोष्ट घडते. एकूण नळ्या फारशा कमीही होत नाहीत आणि वाढतही नाहीत. बदलतो तो फक्त टोकाचा चाळा. वाढणं आणि मोडणं दोन्ही मंदावतं, नळी गोठल्यासारखी होते. आणि हा परिणाम दोन्ही औषधांत सारखाच! विभाजन बिघडवायला तेवढं पुरतं (का, ते प्रश्न ६ मध्ये). मला विचाराल तर या औषधांना ‘मोडणारी’ आणि ‘जोडणारी’ म्हणण्यापेक्षा ‘गोठवणारी’ म्हणणं जास्त बरोबर आहे.

सदाफुलीचा शोधही असाच आडवळणाचा. मधुमेहावर उपयोग होतो अशी ख्याती ऐकून कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर तिच्या पानांचा अर्क उंदरांवर तपासत होते. साखर काही उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी घसरल्या. त्यातून १९५८ मध्ये विनब्लास्टिन पुढे आलं. विन्क्रिस्टिन १९६३ मध्ये वापरात आलं आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते आजही मुख्य औषधांपैकी एक आहे.

९. औषधाला कर्करोगाची पेशी ओळखता येते का?

येत नाही. ट्युब्युलिन सगळीकडे तेच. फरक पडतो तो कोणती पेशी त्या वेळी विभागते आहे याचा. अस्थिमज्जा, केसांची मुळं, तोंडातलं आणि आतड्यातलं अस्तर इथल्या निरोगी पेशी सतत विभागत असतात, म्हणून त्याही सापडतात. केस जातात, पांढऱ्या पेशी उतरतात. तीन आठवड्यांच्या क्रमात त्या साधारण अकराव्या दिवसाच्या आसपास सर्वांत खाली येतात. त्या सुमारास ताप आला तर वाट न पाहता दवाखाना गाठायला सांगतात ते त्यासाठीच. पुढचं सलाईन लावण्याआधी रक्ततपासणी करतात तीही यासाठी.

१०. चेतापेशी तर विभागतच नाहीत. मग हातापायांना मुंग्या आणि बधिरपणा का येतो?

चेतापेशीत सूक्ष्मनलिकांचं काम विभाजनाचं नसून वाहतुकीचं आहे. कण्यातून पायाच्या बोटापर्यंत जाणारा अक्षतंतू, म्हणजे चेतापेशीचा लांब धागा, जवळजवळ मीटरभर लांब असतो. पेशीच्या मुख्य भागात बनलेला माल तिथवर पोचवायचा तो सूक्ष्मनलिकांवरूनच. कायनेसिन नावाची प्रथिनं तो टोकाकडे नेतात, डायनिन परत आणतात. या नळ्यांची मांडणी आणि वागणं बदललं की वाहतूक बिघडते, आणि पहिला फटका बसतो तो सर्वांत लांबच्या टोकाला. म्हणून मुंग्या पायाच्या बोटांपासून सुरू होतात, मग हाताच्या बोटांत येतात. मोजे आणि हातमोजे घातल्यावर जेवढा भाग झाकला जाईल तेवढाच. चेतापेशींतल्या तंतुकणिकांना होणारी इजाही यात भर घालते.

हा त्रास डोसागणिक साठत जातो, म्हणून तो सहन करत गप्प बसू नये. बटण लावता न येणं, चप्पल पायातून निसटलेली न कळणं, अंधारात तोल जाणं या गोष्टी पुढच्या सलाईनआधी डॉक्टरांच्या कानावर घालाच. त्यावर डोस कमी करायचा की थांबायचं हे ठरतं. बऱ्याच जणांत तो काही महिन्यांत उतरतो, काहींत उरतो.

त्रास होऊच नये म्हणून घेता येईल असं खात्रीचं औषध अजून नाही. दुखणारा त्रास असेल तर ड्युलोक्सेटिनचा काही उपयोग होतो. आणि एक सावधगिरी: असिटिल-एल-कार्निटिन हे ‘नसांसाठी चांगलं’ म्हणून विकलं जाणारं पूरक, टॅक्सेन घेणाऱ्या स्त्रियांवर रीतसर तपासलं तेव्हा त्याने त्रास वाढलेला आढळला.

सलाईननंतर दोन-तीन दिवसांनी सांधे आणि स्नायू ठणकतात तो प्रकार वेगळा. तो बहुधा काही दिवसांत ओसरतो.

११. सलाईन लावण्याआधी एवढी इंजेक्शनं का देतात?

दोष बऱ्याच अंशी औषधाचा नाही, त्याच्या द्रावकाचा आहे. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून ते एरंडेल तेलापासून बनवलेल्या क्रेमोफोर नावाच्या द्रवात आणि अल्कोहोलमध्ये विरघळवतात. क्रेमोफोरमुळे काहींना तीव्र ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया येते: चेहरा लाल, श्वास लागणं, रक्तदाब उतरणं. ती बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या वेळी, सलाईन सुरू झाल्यावर काही मिनिटांतच येते. डेक्सामेथासोन आणि ॲलर्जीविरोधी इंजेक्शनं त्यासाठी आधी दिली जातात. प्लास्टिकमधले घटक द्रवात उतरू नयेत म्हणून नळी आणि पिशवीही वेगळ्या प्रकारची लागते.

अल्ब्युमिन या प्रथिनात बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल २००५ पासून मिळतं. त्यात क्रेमोफोर नाही, म्हणून ते सुमारे अर्ध्या तासात देता येतं आणि आधीच्या इंजेक्शनांची सहसा गरज पडत नाही. पण ‘त्यात मुंग्या येत नाहीत’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आतलं औषध तेच आहे.

१२. कुणाला दर आठवड्याला देतात, कुणाला तीन आठवड्यांनी. जास्त चांगलं कोणतं?

स्तनाच्या कर्करोगात आठवड्याचा क्रम सरस ठरला आहे. तिथे शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला साधारण ८० मिलिग्रॅम तासाभरात देतात. तीन आठवड्यांच्या क्रमात साधारण १७५ मिलिग्रॅम, तीन तासांत. गाठीतल्या सगळ्या पेशी एकाच वेळी विभागत नसतात, त्यामुळे औषधाची थोडी थोडी हजेरी वारंवार लावली तर जास्त पेशी नेमक्या वेळी सापडतात, असा त्यामागचा तर्क. इतर कर्करोगांत आणि इतर औषधांच्या जोडीला हिशेब बदलतो, म्हणून शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाशी तुलना करून काही हाती लागत नाही.

१३. दोन औषधं एकाच दिवशी असतील तर कुठलं आधी, याने फरक पडतो का?

पडतो. सिस्प्लॅटिन आधी आणि पॅक्लिटॅक्सेल नंतर दिलं तर शरीरातून पॅक्लिटॅक्सेल बाहेर पडण्याचा वेग सुमारे एक-तृतीयांशाने घटतो आणि पांढऱ्या पेशी जास्त घसरतात. म्हणून पॅक्लिटॅक्सेल आधी. डॉक्सोरुबिसिनच्या बाबतीत उलट: पॅक्लिटॅक्सेल आधी दिलं तर डॉक्सोरुबिसिनची रक्तातली पातळी चढते आणि हृदयाला धोका वाढतो, म्हणून तिथे डॉक्सोरुबिसिन आधी.

घरी चालू असलेल्या गोळ्याही सांगायला हव्यात. पॅक्लिटॅक्सेलची विल्हेवाट यकृतातली सीवायपी२सी८ आणि सीवायपी३ए४ ही विकरं लावतात. फिट्सची काही औषधं, बुरशीवरची काही औषधं, क्षयावरचं रिफाम्पिसिन ही याच विकरांचा वेग कमी-जास्त करतात. यकृत बिघडलेलं असेल तर डोस कमी करावा लागतो तोही यामुळेच.

१४. आधी गाठ छान विरघळली, मग त्याच औषधाला दाद देईना. असं का?

गाठीतल्या सगळ्या पेशी एकसारख्या नसतात. ज्या तगतात त्यांचीच पुढे वाढ होते. तगण्याचे मार्ग अनेक. पेशीच्या आवरणावरचा पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप औषध आत आल्या आल्या बाहेर फेकतो. काही पेशी बीटा ट्युब्युलिनचा निराळा प्रकार, तिसऱ्या क्रमांकाचा, जास्त बनवतात. त्याच्या नळ्यांवर औषधाचा प्रभाव कमी पडतो. काहींमध्ये आत्मघाताची यंत्रणाच दबलेली असते, मग विभाजन बिघडूनही पेशी मरत नाही.

हाच पंप आतड्यात आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांतही आहे. म्हणून साधी गोळी करून पॅक्लिटॅक्सेल दिलं तर ते रक्तात फार कमी उतरतं, आणि मेंदूत पसरलेल्या गाठींपर्यंत ते नीट पोचत नाही. कॅबाझिटॅक्सेल या पंपाच्या तावडीत कमी सापडतं.

१५. वनस्पतीचंच आहे तर सौम्य असेल ना? सदाफुलीची पानं किंवा यूची साल उकळून घेतली तर?

कृपा करून घेऊ नका. यूच्या पानांत आणि बियांत टॅक्सिन नावाची वेगळी द्रव्यं असतात, ती हृदयाची लय बिघडवून माणूस मारू शकतात. सालीत पॅक्लिटॅक्सेल असतं ते अगदी नगण्य, आणि प्रश्न १४ मध्ये सांगितल्याप्रमाणे तोंडावाटे ते फारसं अंगी लागत नाही. म्हणजे विष पुरेपूर आणि औषध नाममात्र.

सदाफुलीचंही तेच. एक ग्रॅम विनब्लास्टिन मिळवायला सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात. पेलाभर रसात किती येईल याचा अंदाज करा. त्यात इतर अल्कलॉइड मात्र भरपूर येतील. केमो चालू असताना असा रस घेतला तर पांढऱ्या पेशी नेमक्या कशाने घसरल्या हे डॉक्टरांनाही कळणार नाही.

१६. यासाठी अजून झाडं तोडली जातात का?

पॅसिफिक यूची, सालीसाठी, आता नाही. एक किलो औषधाला सुमारे दहा टन साल लागे आणि साल सोललेलं झाड मरे, त्यामुळे तो मार्ग टिकणारा नव्हताच. फ्रान्समध्ये पिएर पोतिए यांच्या गटाला युरोपीय यूच्या पानांत औषधाचा मूळ सांगाडा सापडला. पानं पुन्हा येतात, झाड जगतं. त्या सांगाड्याला उरलेली साखळी प्रयोगशाळेत जोडायची, अशी ही अर्धकृत्रिम पद्धत. अमेरिकेत रॉबर्ट होल्टन यांनी ती उत्पादनाला परवडेल अशी केली. १९९४ मध्ये पूर्ण रेणू कृत्रिमरीत्या बांधूनही दाखवला गेला, पण पायऱ्या इतक्या की कारखान्याला त्याचा उपयोग नव्हता. यूच्या पेशी टाक्यांत वाढवून औषध काढण्याची पद्धतही चालते. हिमालयातल्या यूवर मात्र या मागणीचा ताण पडलाच. १९९५ मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आला.

१७. वनस्पतींपासूनची सगळी केमो सूक्ष्मनलिकांवरच काम करते का?

नाही, आणि इथे विद्यार्थी हमखास घसरतात. पोडोफायलोटॉक्सिन हे वनस्पतीतलं द्रव्य ट्युब्युलिनला धरतं, पण त्याच्यापासूनच बनवलेलं इटोपोसाइड ट्युब्युलिन सोडून डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज-२ या विकरावर काम करतं. रेणूत थोडा फेरफार, आणि लक्ष्यच बदललं. कॅम्प्टोथेसिन, जे वॉल आणि वाणी यांनीच १९६६ मध्ये उजेडात आणलं, ते टोपोआयसोमरेज-१ वर चालतं.

उलट, कळलावीतलं कोल्चिसिन ट्युब्युलिनला घट्ट धरतं, तरी ते कर्करोगाचं औषध झालं नाही. गाठीला पुरेल एवढा डोस माणसाला झेपत नाही. ते गाउटमध्ये, अगदी छोट्या मात्रेत वापरतात. तिथे सुजलेल्या सांध्याकडे धावणाऱ्या पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावते.

१८. हृदयाच्या स्टेंटवर पॅक्लिटॅक्सेल होतं असं कळलं. माझ्या वडिलांना कर्करोग नाही, मग त्यांना केमो दिली का?

नाही. स्टेंट घातल्यावर रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी वाढून वाट पुन्हा बुजवतात. त्या पेशींनाही विभागायला आणि सरकायला सूक्ष्मनलिका लागतात, म्हणून स्टेंटवर औषधाचा पातळ थर देतात. मात्रा अत्यल्प आणि परिणाम जागच्या जागी. केस जात नाहीत, रक्तपेशी उतरत नाहीत. अमेरिकेत असा स्टेंट २००४ मध्ये आला. आता स्टेंटसाठी बहुतेक ठिकाणी वेगळ्या गटाची औषधं वापरतात, पण पायाच्या रक्तवाहिन्यांसाठी पॅक्लिटॅक्सेल लावलेले फुगे चालू आहेत. त्यांनी मृत्यू वाढतात का अशी शंका २०१८ मध्ये निघाली होती. अधिक माहिती तपासल्यावर अमेरिकी नियामकांनी २०२३ मध्ये ती टिकत नसल्याचं सांगितलं.

१९. विन्क्रिस्टिनच्या पिशवीवर ‘फक्त शिरेतून’ असं ठळक का लिहितात?

कारण ते चुकून पाठीच्या कण्यातल्या पाण्यात गेलं तर जवळजवळ नेहमीच जीव जातो. रक्ताच्या कर्करोगात त्याच काळात दुसरी औषधं कण्यातून द्यायची असतात, त्यामुळे सिरिंजची अदलाबदल होऊन अशा घटना जगात अनेकदा घडल्या आहेत. म्हणून आता विन्क्रिस्टिन सिरिंजऐवजी छोट्या सलाईनच्या पिशवीत द्यावं असा आग्रह आहे. पिशवी कुणी कण्यात टोचायला जात नाही. चेतापेशींचं काम सूक्ष्मनलिकांवर किती अवलंबून आहे (प्रश्न १०), त्याचं हे सर्वांत भीषण टोक. शिरेबाहेर मांसात गळलं तरी जखम होते, म्हणून सलाईन चालू असताना जळजळ झाली तर लगेच सांगावं.

२०. हे विष थेट गाठीच्या पेशीतच नेऊन सोडता येत नाही का?

काही प्रमाणात येतं. गाठीच्या पेशीवरच्या खुणेला चिकटणारं प्रतिपिंड घ्यायचं आणि त्याला सूक्ष्मनलिकांवरचं जहाल औषध बांधायचं. प्रतिपिंड पेशीत ओढलं गेलं की आत औषध सुटतं. मेटॅन्सिन हे मूळ एका झुडपात सापडलेलं द्रव्य एकट्याने देऊन पाहिलं होतं, पण ते माणसांना सोसवलं नाही. त्याचाच नातलग रेणू ट्रास्टुझुमॅब या प्रतिपिंडाला बांधून २०१३ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी मान्य झाला. त्याआधी, २०११ मध्ये, एका सागरी गोगलगायीतल्या द्रव्यावरून बेतलेला रेणू प्रतिपिंडाला जोडून हॉजकिन लिम्फोमासाठी आला होता. दोन्ही औषधं नळ्या मोडणाऱ्या गटातली आहेत. मात्र बांधलेल्या औषधाचा काही अंश वाटेत आणि गाठीतून बाहेर सुटतोच, त्यामुळे या २०११ च्या औषधातही हातापायांच्या मुंग्या हा नेहमी दिसणारा त्रास आहे आणि डोस पुष्कळदा त्यावरूनच ठरवावा लागतो.